सात टायब्रेकर, सातही जिंकले: ऑस्ट्रेलियन ओपन २०२४ च्या पुरुष दुहेरीचं प्रकरण

२७ जानेवारी २०२४ च्या रात्री मेलबर्नच्या रॉड लेव्हर अरीनावर रोहन बोपण्णा आणि मॅथ्यू एबडन या दुसऱ्या मानांकित जोडीने इटलीच्या सिमोने बोलेल्ली आणि आंद्रेया वावासोरी यांना ७-६ (७-०), ७-५ असं हरवलं आणि ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली. कंसातले आकडे टायब्रेकरचे, म्हणजे ६-६ झाल्यावर सेटचा निकाल लावणाऱ्या गुणांच्या खेळाचे. सामना एक तास ३९ मिनिटं चालला. बोपण्णाचं वय तेव्हा ४३ होतं. ग्रँडस्लॅम पुरुष दुहेरी जिंकणारा खुल्या युगातला, म्हणजे १९६८ पासूनच्या टेनिसमधला, सर्वांत वयस्कर खेळाडू तो त्या रात्री झाला. आधीचा विक्रम ज्याँ-ज्युलियन रॉयरच्या नावावर होता. त्याने २०२२ ची फ्रेंच ओपन चाळिशीत जिंकली होती.

आपल्याकडच्या बातम्या साहजिकच वयावर थांबल्या. चाळिशी उलटलेला माणूस पहिली पुरुष दुहेरी ग्रँडस्लॅम जिंकतो आणि दोन दिवसांनी क्रमवारीत पहिला येतो, हे भारून टाकणारंच आहे आणि ते कौतुक मला कमी करायचं नाही. पण ही स्पर्धा नेमकी कशी जिंकली गेली हे वयावरून कळत नाही, गुणफलकावरून कळतं. सहा सामन्यांचे आकडे एकाखाली एक मांडले की त्यात एक गोष्ट ठळक दिसते आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं गेलेलं नाही असं मला वाटतं.

सहा सामने

पहिल्या फेरीत समोर जेम्स डकवर्थ आणि मार्क पोलमन्स ही यजमान देशाची जोडी होती. निकाल ७-६ (७-५), ४-६, ७-६ (१०-२). म्हणजे दुसरी मानांकित जोडी पहिल्याच दिवशी बाहेर पडण्याच्या बेतात होती. दुसऱ्या फेरीत जॉन मिलमन आणि एडवर्ड विंटर यांच्यावर ६-२, ६-४ असा सरळ विजय मिळाला. सबंध स्पर्धेतला टायब्रेकर नसलेला हा एकमेव सामना. तिसऱ्या फेरीत वेस्ली कूलहॉफ आणि निकोला मेक्टिच आले. दोघेही दुहेरीत कधी ना कधी जगात पहिल्या क्रमांकावर राहिलेले. त्यांना ७-६ (१०-८), ७-६ (७-४) असं नमवलं. उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाच्या माक्सिमो गोन्झालेझ आणि आंद्रेस मोल्तेनी या सहाव्या मानांकित जोडीवर ६-४, ७-६ (७-५). उपांत्य फेरीत तोमास माहाच आणि झांग झिझेन यांच्यावर ६-३, ३-६, ७-६ (१०-७). आणि मग अंतिम सामना.

आता मोजू या. एकूण १४ सेट झाले, त्यातले १२ जिंकले. या १२ पैकी सात टायब्रेकरवर जिंकले. टायब्रेकरही सातच झाले, म्हणजे एकही गमावला नाही. सातही टायब्रेकरमधले गुण एकत्र केले तर ५८ विरुद्ध ३१ भरतात. यातले दोन, १०-२ आणि ७-०, एकतर्फी होते. ते बाजूला ठेवले तर उरलेल्या पाचांत ४१ विरुद्ध २९ असा हिशेब राहतो. पाच टायब्रेकरमध्ये मिळून बारा गुणांचा फरक, आणि त्यावर ग्रँडस्लॅम उभी राहिली.

यातले दोन टायब्रेकर तर थेट जीवनमरणाचे होते. पहिल्या फेरीतला निर्णायक आणि उपांत्य फेरीतला निर्णायक. त्यातला कुठलाही एक गेला असता तर विषय तिथेच संपला असता. पहिल्या फेरीतला पहिला सेट ७-५ च्या टायब्रेकरवर आला नसता तर काय झालं असतं, हाही विचार करावा. दुसरा सेट त्यांनी ४-६ असा गमावलाच होता.

टायब्रेकर इतके का होतात

एकेरी नेहमी पाहणाऱ्याला पुरुष दुहेरीत ७-६ चे सेट जास्तच दिसतात, असं वाटतं. त्याचं कारण खेळाच्या रचनेतच आहे. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार नेटजवळ उभा असतो आणि अर्धं कोर्ट त्याने अडवलेलं असतं. परतीचा फटका मारणाऱ्याला त्याच्या आवाक्याबाहेरून, तिरका आणि खाली पायाशी उतरणारा चेंडू काढावा लागतो. चेंडू जरा उंच राहिला की नेटवरचा गडी मध्येच घुसून तो संपवतो. दुसरा पर्याय त्याच्या डोक्यावरून लॉब टाकण्याचा. तिसरा, सरळ त्याच्याच बाजूने रेषेलगत जोरात मारण्याचा, आणि त्यात चुकण्याची भीती सर्वांत जास्त. त्यात जोडी पाठीमागे हाताच्या खुणा करून ठरवते, की या गुणाला नेटवरचा गडी आडवा धावणार की जागेवर राहणार. सर्व्हिस दमदार असेल तर अशा रचनेत गेम हातचा जात नाही.

ग्रँडस्लॅममध्ये यात आणखी भर पडते. एटीपी या पुरुष टेनिसच्या संघटनेच्या इतर स्पर्धांत दुहेरीला ४०-४० झालं की एकाच गुणावर गेम ठरतो आणि तिसऱ्या सेटऐवजी थेट दहा गुणांचा टायब्रेकर खेळतात. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मात्र ड्यूस आणि ॲडव्हान्टेज जुन्याच पद्धतीने चालतं, म्हणजे ४०-४० नंतर सलग दोन गुण घेतल्याशिवाय गेम मिळत नाही. एका गुणाचा जुगार नसल्याने चांगला सर्व्हर अडचणीतून बाहेर येऊ शकतो. तिसरा सेटही पूर्ण खेळला जातो आणि ६-६ झाल्यावर दहा गुणांचा टायब्रेकर होतो. चारही ग्रँडस्लॅममध्ये निर्णायक सेटचा हा नियम २०२२ पासून एकसारखा आहे. म्हणजे ब्रेक, अर्थात समोरच्याच्या सर्व्हिसवर जिंकलेले गेम, कमी आणि ६-६ जास्त. अशा स्पर्धेत जो टायब्रेकर जिंकेल तो टिकेल, हे उघड आहे. उघड नाही ते हे, की सलग सात कसे जिंकायचे.

नशीब किती, तयारी किती

आधी नशिबाचा हिशेब करून टाकू. दोन्ही जोड्या अगदी तुल्यबळ आहेत आणि टायब्रेकर म्हणजे नाणेफेक आहे असं मानलं, तर सातपैकी सात जिंकण्याची शक्यता १२८ मध्ये एक इतकी येते. मेलबर्नच्या दुहेरीत ६४ जोड्या असतात. त्यामुळे एखाद्या वर्षी एखाद्या जोडीच्या वाट्याला असं यावं यात अशक्य काही नाही. यात नशीब होतंच. तिसऱ्या फेरीतला १०-८ चा टायब्रेकर घ्या. ६-६ वरून १०-८ पर्यंत जाताना किमान तीनदा सेट एका गुणावर येऊन ठेपतो. अशा वेळी नेटच्या पट्टीला लागून चेंडू कुठल्या बाजूला पडतो यावरही पारडं फिरतं.

पण अंतिम सामन्यातला ७-० नशिबाच्या खात्यात टाकता येत नाही. हा टायब्रेकर जवळून पाहण्यासारखा आहे.

पहिल्या सेटमध्ये बारा गेम झाले आणि बाराही गेम सर्व्हिस करणाऱ्यांनी राखले. इटलीच्या जोडीने स्वतःचे सहाही गेम वाचवले होते. मग टायब्रेकर सुरू झाला. त्यात पहिली सर्व्हिस एका गुणाची असते आणि पुढे प्रत्येक सर्व्हरच्या वाट्याला दोन-दोन गुण येतात. सात गुणांत निकाल लागला म्हणजे एका जोडीने तीन गुणांना सर्व्हिस केली आणि दुसऱ्या जोडीने चार. नाणेफेकीचा कौल कुणाच्याही बाजूने असो, इटलीच्या जोडीने आपल्या सर्व्हिसवरचे किमान तीन गुण गमावले, आणि तेही मध्ये एकही न मिळवता. अर्धा-पाऊण तास ज्यांच्या सर्व्हिसला धक्का लागला नव्हता त्यांच्याकडून पाच-सात मिनिटांत हे घडलं. दुसऱ्या बाजूला बोपण्णा आणि एबडन यांनी स्वतःच्या सर्व्हिसवर एकही गुण दिला नाही. टायब्रेकरमध्ये असे सर्व्हिसविरुद्धचे गुण, ज्याला खेळाडू मिनी-ब्रेक म्हणतात, एक-दोन मिळाले तरी सेट हाती येतो. इथे ते ओळीने मिळाले.

दुसऱ्या सेटमध्येही तोच साचा. ५-५ पर्यंत कुणीच ढळेना. अकराव्या गेममध्ये इटलीची सर्व्हिस भेदली गेली. संपूर्ण सामन्यातला तो एकुलता एक ब्रेक. त्यानंतर सर्व्हिस राखून ७-५. म्हणजे दोन्ही सेटमध्ये पहिले दहा गेम बरोबरीत गेले आणि फरक पडला तो शेवटच्या वळणावर. माझं वाचन असं, की ही जोडी सेटभर आपल्या सर्व्हिसची राखण करत राहायची, परतीच्या फटक्यांत धोका पत्करायला घाई करायची नाही, आणि सेटच्या टोकाला तोच धोका पत्करायची. खेळाडू हे अशा शब्दांत कबूल करतीलच असं नाही. पण सहा सामन्यांतले आकडे याच दिशेला बोट दाखवतात.

दोघांची बेरीज

बोपण्णाची सर्व्हिस हे त्याचं जुनं भांडवल. उंच शरीरयष्टी, मोकळा खांदा आणि फोरहँडमधली ताकद ही त्याची ओळख दोन दशकं टिकली. वयाबरोबर पाय मंदावतात, पण सर्व्हिस तितकी मंदावत नाही, आणि दुहेरीत अर्धंच कोर्ट सांभाळायचं असतं. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेलेली. वेदनाशामक गोळ्या घेऊन तो खेळत होता. करोनाच्या काळात बेंगळुरूत त्याने अय्यंगार योग सुरू केला. पुण्यातून जगभर पोहोचलेल्या या पद्धतीमुळे पायांना बळ आलं आणि गोळ्या सुटल्या, असं त्याने अनेकदा सांगितलं आहे. २०२१ च्या सुरुवातीला पाच महिने एकही सामना जिंकता आला नव्हता आणि तेव्हा थांबायचा विचार त्याने पत्नीला बोलून दाखवला होता, हेही त्याने सांगितलं आहे. आपल्या प्रेक्षकांनी त्याला २०१९ आणि २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत जिंकताना पाहिलंय, पहिल्यांदा दिविज शरणबरोबर आणि नंतर रामकुमार रामनाथनबरोबर. रामकुमारबरोबरचा अंतिम सामना पहिला सेट टायब्रेकरमध्ये गमावून, शेवटी दहा गुणांच्या टायब्रेकरवर १०-६ असा जिंकला होता.

एबडनबद्दल मात्र आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं. बातम्यांत तो 'बोपण्णाचा ऑस्ट्रेलियन साथीदार' एवढाच राहिला आणि हे मला अन्यायाचं वाटतं. तो तेव्हा ३६ वर्षांचा होता. एकेरीत जगातल्या पहिल्या चाळिसांत पोहोचलेला, म्हणजे बेसलाइनवरून परतीचा फटका खात्रीने खाली ठेवू शकणारा. दुहेरीत अशा खेळाडूची किंमत टायब्रेकरमध्येच कळते, कारण मिनी-ब्रेक मिळतो तो परतीच्या फटक्यातून. शिवाय ग्रँडस्लॅम कशी संपवायची हे त्याला ठाऊक होतं. २०२२ मध्ये मॅक्स पर्सेलबरोबर त्याने विम्बल्डनची पुरुष दुहेरी जिंकली. तो सामना पाच सेट चालला आणि शेवटचा सेट दहा गुणांच्या टायब्रेकरवर १०-२ असा आला. तेव्हा नेटपलीकडे असलेल्या जोडीत मेक्टिच होता, तोच जो मेलबर्नला तिसऱ्या फेरीत दोन टायब्रेकर हरला.

बोपण्णाचा भूतकाळ याच्या अगदी उलटा. २०१० साली अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत तो पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर खेळला. बॉब आणि माईक ब्रायन यांनी त्यांना ७-६ (७-५), ७-६ (७-४) असं हरवलं. दोन सेट, दोन टायब्रेकर, दोन्ही हातचे गेले. पुढची पुरुष दुहेरी अंतिम फेरी यायला तेरा वर्षं लागली. २०२३ च्या अमेरिकन ओपनमध्ये एबडनबरोबर पहिला सेट ६-२ असा घेऊनही राजीव राम आणि जो सॅलिसबरी यांच्याविरुद्ध पुढचे दोन ३-६, ४-६ असे गेले. त्याच सामन्यात चेंडू आपल्या हाताला चाटून गेल्याचं बोपण्णाने स्वतःहून पंचांना सांगितलं आणि जिंकलेला गुण सोडून दिला. कुणीही ते पाहिलेलं नव्हतं. ग्रँडस्लॅमच्या अंतिम फेरीत असा गुण सोडणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो कुठल्याही चषकाने वाढणार नाही.

त्या पराभवानंतर जोडी तशीच टिकली, हे महत्त्वाचं. दुहेरीत हरल्यावर जोडीदार बदलणं ही रोजची गोष्ट आहे. हे दोघे २०२३ च्या सुरुवातीपासून एकत्र होते. दोहा जिंकलं, इंडियन वेल्स जिंकलं, विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली, न्यूयॉर्कची अंतिम फेरी हरले. मेलबर्नच्या आदल्या आठवड्यात ॲडलेडची अंतिम फेरीही त्याच राम आणि सॅलिसबरी यांच्याकडून हरले, आणि तीही टायब्रेकरवर, ११-९ अशी. म्हणजे टायब्रेकर या जोडीला कायमच वश होते असं नाही. पण वर्षभरात शेकडो वेळा एकत्र सर्व्हिस केल्यावर ८-८ ला जोडीदार कुठे उभा राहील याचा विचार करावा लागत नाही. माहाच आणि झांग हे दोघे मुख्यतः एकेरीचे खेळाडू. त्यांनी उपांत्य फेरीत दुसरा सेट घेतला, निर्णायक टायब्रेकरमध्ये सात गुणही मिळवले. शेवटच्या तीन गुणांत जुन्या जोडीचा सराव कामी आला असं मी मानतो.

पैसा आणि क्रमांक

या प्रकरणाची व्यावहारिक बाजू थोडक्यात. विजेत्या जोडीला मिळून ७ लाख ३० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. त्याच स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याचं बक्षीस ३१ लाख ५० हजार होतं. दुहेरीतल्या खेळाडूला प्रशिक्षक, फिजिओ, प्रवास हे सगळं या चतुर्थांशाहून कमी रकमेतून आणि तीही अर्धी वाटून घेतल्यावर चालवावं लागतं. त्यामुळे चाळिशीपर्यंत फक्त दुहेरी खेळत राहणं हा शरीराइतकाच खिशाचाही प्रश्न असतो.

क्रमवारीचा मान उपांत्यपूर्व विजयानंतरच नक्की झाला होता. एटीपीची दुहेरी क्रमवारी जोडीची नसून प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र असते आणि मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर ठरते. २९ जानेवारीला बोपण्णा ४३ वर्षं ३३१ दिवसांच्या वयात पहिल्यांदाच पहिल्या क्रमांकावर आला. याआधी सर्वांत उशिरा पहिल्यांदा तिथे पोहोचला होता तो राजीव राम, ३८ व्या वर्षी. भारतातून लिएंडर पेस, महेश भूपती आणि सानिया मिर्झा यांच्यानंतर बोपण्णा चौथा. उपांत्य सामना झाला त्याच दिवशी, २५ जानेवारीला, त्याला पद्मश्री जाहीर झाली.

पुढे काय झालं

मेलबर्नचा निष्कर्ष पुढच्या महिन्यांवर लावून पाहिल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. मार्चमध्ये मायामीच्या अंतिम फेरीत इव्हान डोडिग आणि ऑस्टिन क्रायचेक यांच्याविरुद्ध पहिला सेट त्यांनी टायब्रेकरमध्ये ३-७ असा गमावला, दुसरा ६-३ असा घेतला आणि दहा गुणांच्या टायब्रेकरवर १०-६ ने विजेतेपद मिळवलं.

मग आलं पॅरिस. जूनमध्ये फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पुन्हा बोलेल्ली आणि वावासोरी समोर आले. निकाल इटलीच्या बाजूने ७-५, २-६, ६-२. तिन्ही सेटमध्ये टायब्रेकर नाही. लाल मातीवर चेंडू पडल्यावर संथ होतो, उंच उडतो, परतीचा फटका मारणाऱ्याला वेळ मिळतो आणि सर्व्हिसचं कवच पातळ होतं. तीच चार माणसं, पण ६-६ पर्यंत सेट पोहोचलाच नाही, आणि मेलबर्नला जी गोष्ट निर्णायक ठरली ती वापरायची संधीच मिळाली नाही.

एवढ्यावरून 'टायब्रेकरची ताकद हार्ड कोर्टापुरतीच' असं म्हणावं, तर दोनच महिन्यांनी फ्रेंच ओपन जिथे होते त्याच रोलाँ गॅरोसच्या मातीवर ऑलिंपिक झालं. बोपण्णा श्रीराम बालाजीबरोबर पहिल्याच सामन्यात ७-५, ६-२ असा हरला. एबडनने जॉन पीअर्सबरोबर सुवर्णपदक जिंकलं. अंतिम सामना क्रायचेक आणि राम यांच्याविरुद्ध होता. पहिला सेट टायब्रेकरमध्ये ६-८ असा गेला. दुसरा सेट पुन्हा टायब्रेकरमध्ये आणि या वेळी ७-१, मग दहा गुणांचा निर्णायक १०-८. मेलबर्नच्या सात टायब्रेकरमध्ये एबडनचा वाटा आपण धरला होता त्याहून बराच मोठा होता, असं मी यावरून समजतो. बोपण्णा आणि एबडन २०२४ च्या अखेरीस वेगळे झाले आणि बोपण्णाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. त्याच्या नावावर पुरुष दुहेरीची ग्रँडस्लॅम ही एकच राहिली.